किती वर्षं राहणार, ते आधी सांगा

मागच्या अंकात म्हटलं होतं की परदेशात राहणाऱ्यांनी मुलांच्या शाळेबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर एवढी पत्रं आली की संपादकांनी दोन पानं वाढवून दिली आणि तरी सगळी बसली नाहीत. नावं काढून टाकलीत, काळजी करू नका. मी स्वतः हॉलंडमध्ये आइंडहोवनला अकरा वर्षं काढून पुण्यात परत आलेली बाई, दोन मुलं, चार शाळा आणि एक चांगलीच फसलेली निवड, एवढीच माझी डिग्री. पत्रांत फी होती, रँकिंग होतं, बोर्ड होतं, ऑफिसातले काय म्हणतात तेही होतं. पण तिथे राहणार किती वर्षं, हे बहुतेकांनी लिहिलंच नव्हतं. ते न सांगता शाळा विचारणं म्हणजे कुठे जायचंय ते न सांगता रिक्षावाल्याला मीटर किती होईल विचारण्यासारखं आहे.

प्रश्न: ताई, आम्ही दोन आठवड्यांपूर्वी हिंजवडीहून हॉलंडला, ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टेलवेनला आलो. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा नऊचा. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं आहे, पुढे वाढेल असं मॅनेजर म्हणतो. इथल्या डच शाळा फुकट आहेत पण ऑफिसातले सगळे म्हणतात इंटरनॅशनलमध्येच घाला. मुलगी पुण्यात ज्युनिअर केजीत एबीसीडी आणि पन्नासपर्यंत आकडे लिहीत होती, इथे शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाला विचारलं शाळेत काय करतोस तर म्हणाला वाळूत खेळतो. तिची वर्षं वाया जातील का?

उत्तर: वाळूत खेळतो हे अगदी खरं सांगितलं त्यानं. तिकडे मूल चार वर्षांचं झालं की वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाऊ शकतं, पाचनंतर सक्तीच, आणि पहिली दोन वर्षं, म्हणजे ग्रुप १ आणि २, खेळ, गाणी, गोल करून बसणं आणि स्वतःचा कोट स्वतः घालणं यात जातात. वाचन-लेखन रीतसर सुरू होतं ते ग्रुप ३ला, सहाव्या वर्षी. आपल्याला ते बघवत नाही, मला पण नव्हतं बघवलं, मी घरी गुपचूप बाराखडीची वही काढून बसायचे. पण मुलीला डच फुकटात आणि न रडता यायची असेल तर ती त्याच वाळूत येणार आहे. तिला डच शाळेत टाका, डोळे मिटून. तीन वर्षांनी परत गेलात तरी ती साडेसात वर्षांची असेल, दुसरीतली मुलगी कुठल्याही शाळेत सहा महिन्यांत रुळते.

खरा प्रश्न मुलाचा आहे, आणि इथे मला माझी फसलेली निवड सांगावी लागणार.

आमचा मोठा पाच वर्षांचा असताना आम्ही गेलो. कंपनीनं पाठवलं होतं त्यामुळे इंटरनॅशनल शाळेची फी कंपनी भरत होती, आम्हाला वाटलं मजाच आहे, इंग्लिश मीडियम, भारतात परत गेलो तरी अडणार नाही. मग नवऱ्याला तिथेच लोकल कॉन्ट्रॅक्ट मिळालं, फी बंद झाली, दोन मुलांची फी स्वतः भरायची म्हटल्यावर पोटात गोळा आला, आणि मोठ्याला आम्ही नऊ वर्षं पूर्ण झाल्यावर डच शाळेत हलवला. तोपर्यंत चार वर्षं हॉलंडमध्ये राहून त्याला डचमधून दुकानात चिप्स मागता येत होते, बास.

आता तिथली सिस्टिम काय आहे बघा. प्राथमिक शाळा ग्रुप ८पर्यंत, म्हणजे साधारण बारा वर्षं वय. त्या वर्षी शाळा सल्ला देते की मूल पुढे कुठल्या लायनीत जाणार. व्हीएमबीओ चार वर्षांचं, तिथून व्यवसाय शिक्षणाकडे, हावो पाच वर्षांचं, तिथून हॉखस्कूल म्हणजे अप्लाइड सायन्सेसचं कॉलेज, आणि व्हीडब्ल्यूओ सहा वर्षांचं, ते थेट युनिव्हर्सिटीसाठी. एक टेस्ट पण असते, आता तिला डोरस्ट्रोमटुट्स म्हणतात, आणि टेस्ट सल्ल्यापेक्षा चांगली गेली तर शाळेला साधारणपणे सल्ला वाढवावा लागतो, आमच्या वेळी ते इतकं सरळ नव्हतं.

तर ग्रुप ७ला असताना टीचरशी दहा मिनिटांची भेट होती. दहा म्हणजे दहाच, दाराबाहेर पुढचे पालक खुर्चीवर बसलेले असतात. तिथे बाईंना यूफ म्हणतात आणि पुरुषाला मेस्टर. यूफनी त्याचा गणिताचा पेपर पुढे ठेवला. वरची सगळी उदाहरणं बरोबर, टक्केवारी पण बरोबर, आणि खाली शाब्दिक उदाहरण कोरं. जाकीट ८० युरोचं, त्यावर २५ टक्के कॉर्टिंग, तर किती द्यावे लागतील. मी घरी येऊन त्याला विचारलं हे का नाही सोडवलंस, तर म्हणाला आई कॉर्टिंग म्हणजे काय? कॉर्टिंग म्हणजे डिस्काउंट. प्रत्येक दुकानाच्या काचेवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, आणि आमच्या पोराला चार वर्षांत तो शब्द कुणी सांगितला नव्हता, कारण आम्हालाच गुगल ट्रान्सलेट लागायचं. त्याला व्हीएमबीओचा सल्ला मिळाला. गणितानं नाही, भाषेनं. मग तो चार वर्षं व्हीएमबीओची वरची शाखा करून हावोच्या शेवटच्या दोन वर्षांत गेला, म्हणजे पाचच्या जागी सहा वर्षं, आणि आता हॉखस्कूलला इंजिनिअरिंग करतोय. छान चाललंय त्याचं. पण ते एक वर्ष आणि त्या वर्षाआधीचं त्याचं ते गप्प बसणं माझ्या खात्यावर आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, मॅनेजर काय म्हणतो ते सोडा, तुम्ही दोघं एका संध्याकाळी बसून ठरवा की तीन वर्षांनी नक्की परत जायचंय का. नक्की जायचं असेल तर मुलाला इंटरनॅशनलमध्ये घाला, त्यातही सरकारी अनुदानवाल्या डच इंटरनॅशनल शाळा आधी बघा, तिथे प्राथमिकची फी वर्षाला सहा-सात हजार युरोच्या आसपास असते, पूर्ण खासगीत वीस हजाराच्या पुढे जाते. अनुदानवाल्यांना एम्प्लॉयरचं पत्र लागतं की पालक ठरावीक मुदतीसाठी आलेत, आणि तुमच्या भागात वेटिंग लिस्ट मोठी असते, आजच नाव घाला. ३० टक्के रूलिंग, म्हणजे परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्यांना मिळणारी टॅक्सची सवलत, मिळालं असेल तर इंटरनॅशनल शाळेची फी कंपनी टॅक्स न लावता परत देऊ शकते, हे एचआर आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

आणि राहण्याची निम्मी जरी शक्यता वाटत असेल तर मुलाला आत्ताच डचमध्ये टाका. आधी न्यूकोमरच्या, म्हणजे देशात नव्यानं आलेल्या मुलांच्या, भाषेच्या वर्गात साधारण एक वर्ष जाईल, रडेल, पोट दुखतंय म्हणेल, पण सल्ल्याच्या वर्षापर्यंत त्याच्या हातात वेळ राहील. आधी तीन वर्षं इंटरनॅशनल आणि मग बाराव्या वर्षी डच, हे मात्र करू नका, आमच्यापेक्षा वाईट होईल.

दोन बारक्या गोष्टी. डच शाळा वर्षाला थोडी वर्गणी मागते, ती ऐच्छिक असते, दिली नाही म्हणून मुलाला ट्रीपमधून वगळता येत नाही, पण द्या हो, थोडेच पैसे असतात. आणि भारताचं तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून सुट्टी लागायच्या आधी चार दिवस पळू नका, प्रत्येक मुलामागे दिवसाला साधारण शंभर युरो दंड लागतो आणि त्यासाठी खास अधिकारी असतो. दिवाळीसाठी मात्र धार्मिक सणाची एक दिवसाची रजा कायद्यानं मिळते, दोन दिवस आधी शाळेला कळवायचं. जाता जाता, हेगला, रॉटरडॅमला सुरिनामी हिंदुस्तानी, म्हणजे सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनी काढलेल्या हिंदू प्राथमिक शाळा पण आहेत, सरकारी खर्चानं चालणाऱ्या, दिवाळी-होळी दणक्यात करतात, फक्त शिकवणं डचमधूनच. आपल्या एका मैत्रिणीनं तिथे हिंदी मीडियम असेल म्हणून फोन केला होता.

प्रश्न: नमस्कार. आम्ही म्युनिकला फक्त दोन वर्षांसाठी आलोय. मुलगा तिसरीत. त्याला जर्मन शिकवण्यात अर्थ वाटत नाही आणि इंटरनॅशनल शाळा परवडत नाही, तर पुण्यातल्या एका ऑनलाइन शाळेत नाव घालून घरीच शिकवावं म्हणतोय. मिसेस घरीच असतात. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. जर्मनीत मुलाला शाळेच्या इमारतीत जावंच लागतं, घरी शिकवतो ही सबब तिथे चालत नाही. धार्मिक कारणानं घरी शिकवू इच्छिणारं एक जर्मन कुटुंब युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं होतं, तिथेही २००६ साली त्यांना नाहीच म्हटलं. तुमचा पत्ता नोंदवलेला आहे, घरात शाळेच्या वयाचं मूल आहे हे तिथल्या ऑफिसला माहीत असतं, पत्र येईल, मग दंड येईल, आणि व्हिसावर असलेल्या माणसानं हे धंदे कशाला करायचे?

सरकारी शाळेत घाला. फुकट आहे, बव्हेरियात, म्हणजे तुमच्या राज्यात, जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी वेगळे डॉइचक्लासं चालतात. दोन वर्षांचंच आहे म्हणताय तर एक टेन्शन तुम्हाला नाही, ते टेन्शन काय असतं ते तिथल्या मराठी मंडळात कुणालाही विचारा. चौथीत मे महिन्यात जे सर्टिफिकेट मिळतं त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तिघांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली आली तर जिम्नॅझियम, म्हणजे युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा. तिकडे १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ६ म्हणजे नापास, आमच्या एका ओळखीच्या आजोबांनी नातवाला १ मिळाला म्हणून फोनवर झापला होता. दहा वर्षांच्या पोरांवर एवढा ताण मी दहावीच्या मुलांवर पण बघितला नाही. दोन वर्षांचं चार वर्षं व्हायला लागलं तर मात्र मला परत लिहा.

प्रश्न: ताई, आम्ही चौदा वर्षं दुबईत. मुलगा इथल्या सीबीएसई शाळेत नववीत आहे, अभ्यासात बरा आहे, त्याला इंजिनिअरिंगच करायचंय. सौ.चं म्हणणं आहे की दहावी झाली की तिनं मुलाला घेऊन पुण्याला जावं, अकरावी-बारावी क्लास लावून तिथेच करावी, मी इथे एकटा राहीन. घरात रोज याच्यावरून वाद. तुम्ही सांगाल ते ऐकू म्हणते.

उत्तर: एवढा भार माझ्यावर टाकू नका हो, पण वहिनींना एक गोष्ट नक्की दाखवा. एनआयटी आणि आणखी काही सरकारी कॉलेजांत परदेशातल्या मुलांसाठी डासा नावाची वेगळी ॲडमिशन असते, त्यातच आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी राखीव भाग आहे, सीआयडब्ल्यूजी म्हणतात त्याला. डासाची बाकीची फी डॉलरमध्ये, वर्षाला आठ हजारच्या घरात, पण सीआयडब्ल्यूजीवाल्यांना फी भारतातल्या मुलांइतकीच. जेईई मेनचा रँक लागतोच, तो सुटत नाही. आणि आता मुख्य अट, अकरावी आणि बारावी परदेशातून केलेली असावी लागते. म्हणजे ज्या दोन वर्षांसाठी तुम्ही घर तोडायला निघालात त्याच दोन वर्षांमुळे हे दार बंद होतं. नियमांची पुस्तिका दरवर्षी निघते, ती स्वतः वाचा, एजंटचं ऐकू नका.

दुसरी बाजू पण आहे, ती लपवत नाही. तुमचा व्हिसा तुमच्या नोकरीला बांधलेला, मुलाचा तुमच्या व्हिसाला. उद्या बारावीच्या ऑक्टोबरमध्ये नोकरीचं काही झालं तर काय, हे वहिनींच्या डोक्यात असणार, बायका ते बोलून दाखवत नाहीत. तेव्हा हातात निदान एक वर्षाची फी आणि घरभाडं बाजूला आहे का ते आधी बघा. सीबीएसई दहावीत आणि बारावीत मधेच सहजी प्रवेश देत नाही, एका सीबीएसईतून दुसऱ्या सीबीएसईत बदली दाखवून होतं, त्यामुळे हलायचंच झालं तर दहावीनंतर, अकरावीच्या सुरुवातीला, नाहीतर बारावी संपल्यावर. तुम्ही चौदा वर्षं तिथे राहूनही मुलाला भारतीय बोर्डात ठेवलंत हे मात्र शहाणपणाचं केलंत. तुमच्याच गावाहून एका बाईंचं पत्र होतं, त्यांनी ब्रिटिश शाळेत घातलं कारण केएचडीएच्या, म्हणजे शाळा तपासणाऱ्या दुबईच्या सरकारी खात्याच्या, तपासणीत तिला आउटस्टँडिंग होतं, आणि आता ए लेव्हल, म्हणजे ब्रिटिश बारावी, करता करता जेईईचा सिलॅबस शोधतायत. शाळा उत्तमच असणार, पण जायचं होतं दुसरीकडे.

पुण्याचे क्लास म्हणाल तर तेच सर आता स्क्रीनवर दुबईत पण दिसतात. माझं मत विचारलंत म्हणून सांगते, घर एकत्र ठेवा. वहिनींनी चिडू नये.

प्रश्न: हाय ताई, मी फ्रीमाँट, कॅलिफोर्नियाला असते. मुलगी ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाणार. घरी आम्ही मराठीच बोलतो, ती पण. एन्रोलमेंटच्या फॉर्मवर घरातली भाषा विचारलीय. बिल्डिंगमधल्या सगळ्या मैत्रिणी म्हणतात इंग्लिश लिही, मराठी लिहिलंस तर मुलीला इंग्लिश येत नाही असा शिक्का बसेल. काय लिहू?

उत्तर: अगं, खरं लिही.

तो होम लँग्वेज सर्व्हे असतो. चार प्रश्न, मूल बोलायला लागलं तेव्हा पहिली भाषा कुठली, घरी जास्त कुठली बोलतं, तुम्ही त्याच्याशी कुठली बोलता, घरातली मोठी माणसं आपसात कुठली बोलतात. मराठी लिहिलंस की शाळा सुरू झाल्यावर तीस दिवसांत तिची ईएलपीएसी नावाची इंग्लिशची परीक्षा घेतील. चांगली गेली तर विषय तिथेच मिटला. नाही गेली तर तिला इंग्लिशसाठी जादा मदत मिळते आणि पुरेसं इंग्लिश आलं की ‘इंग्लिश शिकतेय’ हा टॅग काढतात, तोपर्यंत दरवर्षी परीक्षा घेतात. ती वार्षिक परीक्षा त्रासदायक आहे हे मान्य, काही मुलांचा टॅग उगाच पाचवीपर्यंत रेंगाळतो आणि आयांना टीचरच्या मागे लागावं लागतं. म्हणून लोक इंग्लिश लिहितात. पण मग तुझी मुलगी वर्गात पहिल्या दिवशी बाथरूमला जायचंय हे मराठीत सांगेल आणि टीचर म्हणेल फॉर्मवर तर इंग्लिश आहे, तेव्हा कुणाची फजिती? आणि घरी जी भाषा आहे ती सरकारी कागदावर लपवायची हे मला काही पटत नाही, मी जुन्या वळणाची असेन.

तुमच्याकडे शाळा पत्त्यावर मिळते हे तुला माहीतच असेल, तरी लीज सही करायच्या आधी तो अपार्टमेंटचा नंबर डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाकून बघ, रस्त्याच्या या बाजूला एक शाळा आणि त्या बाजूला दुसरी असं होतं. शाळेची वेबसाइट बघून घर घेतलं आणि वर्गात जागाच नाही म्हणून चार मैलांवर पाठवलं असं माझ्या चुलतबहिणीचं झालं.

आणि पुढचं सांगून ठेवते. कॅलिफोर्नियानंच सगळ्यात आधी, २०१२पासून, बारावी पास होणाऱ्या दोन भाषा येणाऱ्या मुलांच्या डिप्लोम्यावर सील ऑफ बायलिटरसी द्यायला सुरुवात केली. त्यासाठी नुसतं बोलता येऊन भागत नाही, लिहिता-वाचता यावं लागतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा तुमच्या भागात रविवारी भरतात, पाच वर्षांची झाली की घाल. रविवारी सकाळी कंटाळा येतो, मुलांना नाही, आईबापांना.

प्रश्न: मी सांगलीची. मुलगा न्यू जर्सीला. नातू आठ, नात पाच वर्षांची. दोघं व्हिडिओ कॉलवर हाय आजी म्हणतात आणि पळतात. शाळेनं त्यांचं मराठी घालवलं असं मला वाटतं. सुनेला म्हटलं तर तिला राग येतो. मी काय करू?

उत्तर: काकू, सुनेला काही म्हणू नका, ती बिचारी सकाळी साडेसहापासून डबे भरत असते. कॉलवर जेवलास का, शाळा कशी आहे, असं विचारलं की कुठलंही पोर पळतं, सांगलीतलं पण पळेल. तुम्ही त्यांना काम द्या. माझ्या आईनं धाकटीला आइंडहोवनला फोन करून सांगितलं होतं की मला चष्मा सापडत नाही, तू इथून बघून सांग कुठे आहे, आणि फोन हातात घेऊन घरभर फिरली, कपाट, देवघर, फ्रिजवरची टोपली, आणि ती पोरगी ओरडत होती डावीकडे आजी, अजून डावीकडे. वीस मिनिटं. चष्मा आईच्या डोक्यावर होता हे ती शेवटी ओरडली ते मराठीतच.

नातवाला सगळं समजत असणार बघा, बोलायची वेळ येत नाही म्हणून जीभ वळत नाही. उन्हाळ्यात महिनाभर आला की दुसऱ्या आठवड्यात वळते.

प्रश्न: आम्ही अकरा वर्षांनी टेक्सासहून पुण्याला कायमचे परत येतोय, येत्या मे-जूनमध्ये. मुलगी बारा, सातवीत जाईल. मुलगा सात. दोघं अमेरिकन सिटिझन, ओसीआय कार्डं (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ती) आहेत, मुलीचं २०१६चं, मुलाचं जरा आळस करून २०२२ मध्ये काढलं. मराठी बोलतात, वाचता येत नाही. कुठलं बोर्ड घ्यावं आणि पुढे कॉलेजला काही अडचण येईल का?

उत्तर: त्या आळसाबद्दल आधी बोलू, कारण तो महागात पडणार आहे. ४ मार्च २०२१ला केंद्र सरकारनं नियम काढला की नीट, जेईईसारख्या परीक्षांतून मिळणाऱ्या प्रवेशात ओसीआय मुलांना एनआरआय किंवा जादाच्या जागाच मिळतील, भारतीय नागरिकांच्या जागा नाहीत. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं की हा नियम त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांना, आधीच्यांना जुनेच हक्क. म्हणजे तुमच्या एकाच घरात ताईला एक नियम आणि भावाला दुसरा. मुलाला अजून दहा वर्षं आहेत, तोवर नियम बदलतीलही, पण मेडिकल वगैरेचा विचार असेल तर एनआरआय सीटच्या फीचा आकडा आत्ताच डोळ्याखालून घाला आणि मग पाणी प्या.

बोर्डाचं म्हणाल तर सातवीसाठी मला सीबीएसई किंवा आयसीएसई ठीक वाटतं, गणित-सायन्सची भाषा तिला ओळखीची जाईल. लोक अमेरिकेहून आले की थेट आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट बोर्डाची शाळा, शोधतात, मुलांना धक्का बसू नये म्हणून. फी झेपणार असेल आणि पदवीला परत अमेरिकेला पाठवायचं ठरलं असेल तर जरूर, नाहीतर आयबीचा रिझल्ट जुलैत लागतो आणि आपल्याकडची ॲडमिशनची धावपळ तोवर सुरू झालेली असते, त्याची तयारी ठेवा.

मराठीतून सुटका नाही बरं का. २०२०च्या कायद्यानं महाराष्ट्रात पहिली ते दहावी सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. तुमच्या मुलाचा प्रश्न नाही, तो वर्गाबरोबर शिकेल. मुलीला मात्र सातवीत धडे आणि वर हिंदी पण, एकदम दोन. आत्तापासून रोज वीस मिनिटं, बाराखडी नको, तिच्या वयाचं काहीतरी, क्रिकेटचा स्कोअर, बसच्या पाट्या, तुमच्या आईचे व्हॉट्सॲप मेसेज. माझी धाकटी आठवीत पुण्यात आली तेव्हा कोथरूड डेपोच्या बसची पाटी तिनं पहिल्यांदा वाचली, बस निघून गेली पण पूर्ण वाचली.

येताना दोघांची रिपोर्ट कार्डं, ट्रान्सफरचं पत्र, लशींचा रेकॉर्ड, सगळं शाळेच्या शिक्क्यासह ओरिजिनल आणा, इथे झेरॉक्सला कुणी विचारत नाही. आणि बऱ्याच सीबीएसई शाळा एप्रिलमध्येच सुरू होऊन मे महिन्यात सुट्टी देतात, म्हणजे तुम्ही उतराल तेव्हा पुस्तकाचे पहिले दोन धडे झालेले असतील, आत्ताच मेल टाकून जागा धरा.

तुमचं पत्र चांगलं चार पानांचं होतं, त्यात फ्लॅट कुठे घेताय, गाडी कुठली घेताय, आजी-आजोबा किती खूश आहेत, सगळं आहे. बारा वर्षांच्या मुलीला याबद्दल काय वाटतं ते नाही. तिला विचारलंय ना? नसेल तर आज विचारा, आणि ती जे म्हणेल ते, शिव्या असल्या तरी, मला पुढच्या पत्रात लिहून पाठवा.